माऊस कुणाच्या हातात?

(३ जानेवारीला शिक्षिका आणि महिला कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



सकाळी सावित्रीबाईंची गाणी झाली, आता जेवणं झालीत, डोळ्यांवर पेंग यायची वेळ, आणि मला विषय मिळालाय ई-लर्निंगचा. ताईंनी चिठ्ठीवर लिहून दिलंय: ‘वर्गातलं ई-लर्निंग, फायदे आणि अडचणी’. वक्तृत्व स्पर्धेचा विषय असावा तसा. तो तसाच मांडला तर पाच फायदे, पाच तोटे सांगून मी खाली बसू शकते. पण फायदा कुणाचा आणि अडचण कुणाला, हे विचारल्याशिवाय आपल्याला कुठलंच यंत्र कळत नाही. गावात हातपंप आला तेव्हा हंडे भरायचे बायकांनी आणि पंप बिघडला की पाना पुरुषाच्या हातात, हे आपण पाहिलंय. बायकांनी तो पाना हातात घ्यावा म्हणून किती शिबिरं घ्यावी लागली! संगणकाच्या बाबतीतही मला तोच प्रश्न विचारायचाय.

आधी एक स्पष्ट करते. मी यंत्राच्या विरोधात बोलायला उभी नाही. आपल्यात एक सवय आहे, नवीन काही आलं की ते बाजाराचं म्हणून नाक मुरडायचं. बाजाराचं असतंही, पण त्याने मुलींचा त्यावरचा हक्क संपत नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचं रूप बदललंय, हे तुम्ही पाहतच आहात. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. त्यानंतर गावोगाव ‘आमची शाळा डिजिटल’ अशा पाट्या लागल्या. टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. त्यातले बरेचसे सरकारी पैशातून आलेले नाहीत. गावाच्या वर्गणीतून, कुणाच्या वाढदिवसाच्या देणगीतून आणि शिक्षिकांच्या पगारातून ते उभे राहिले. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ सुरू झालं, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठीच २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत, माढा तालुक्यात घडलेली गोष्ट आहे ही. महागड्या इंग्रजी शाळेतली नाही.

आता वर्गात याने काय होतं, ते एका धड्यापुरतं सांगते, म्हणजे नीट समजेल. दहावीच्या विज्ञानात मानवी प्रजननाचा भाग आहे. तो वर्गात कसा शिकवला जातो? इथल्या शिक्षिका हसताहेत. ‘हा भाग घरी वाचून या’, एवढ्या एका वाक्यात तो शिकवून होतो. काही ठिकाणी मुलांना मैदानावर पाठवतात आणि मुलींना चार वाक्यं कुजबुजत सांगतात. एका शाळेत मी तोच धडा पडद्यावर पाहिला. गर्भाशय, बीजकोश, अस्तर कसं तयार होतं, कसं गळून पडतं, सगळं हलत्या चित्रातून. मुलगे आणि मुली एकत्र. सुरुवातीला मागच्या बाकांवर खुसखुस झाली. बाईंनी तिथेच चित्र थांबवलं, दिवे लावले आणि विचारलं, ‘काय झालं? तुमची आई, बहीण, मी, सगळ्या यातून जातो. हसायचं कशाला?’ आणि पुन्हा सुरू केलं. तो धडा त्यांनी दोनदा दाखवला. दुसऱ्या वेळी एका मुलीने सगळ्यांसमोर प्रश्न विचारला, पाळी लवकर येणं म्हणजे आजार का? मासिक पाळीबद्दल मुलगी मुलांसमोर तोंड उघडते, यासाठी आपण किती वर्षं पथनाट्यं केली!

पण काय झालं ते बघा. जी गोष्ट बोलताना बाईंची जीभ अडखळायची ती यंत्राने बोलून टाकली. आणि हशा थांबवायला बाईच लागल्या. यंत्र एकटं असतं तर त्या वर्गात मुलींची टिंगलच झाली असती. फायदा आहे तो असा, दोघींचा मिळून.

दुसरा फायदा फारसा कुणी बोलत नाही. आपल्या मुली शाळा बुडवतात. का, ते तुम्हाला माहीत आहे. धाकट्याला सांभाळायचं, कापूस वेचायला जायचं, आई आजारी, पाळीचे दिवस आणि शाळेच्या संडासात पाणी नाही. चार दिवसांनी ती येते तेव्हा गणित पुढे गेलेलं असतं, आणि ‘बाई, मला पुन्हा सांगा’ म्हणायची तिची हिंमत होत नाही. पडदा न चिडता दहादा सांगतो. ज्या शाळेत मधल्या सुट्टीत मुलींना मागचा धडा लावून बघू देतात, तिथे याचा उपयोग होतो. ज्या शाळेत संगणकाची खोली कुलपात असते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात, तिथे काही होत नाही.

त्या खोलीबद्दलच सांगते. आमचा गट गेली काही वर्षं शाळांमधून फिरतो. बऱ्याच ठिकाणी सारखंच दृश्य दिसतं. खोली स्वच्छ, चपला बाहेर, संगणकांवर कापडी झाकणं. सकाळी ती खोली झाडतं कोण? मुली. झाकणं धुऊन आणतं कोण? मुली. तास सुरू झाला की तीन-चार संगणकांभोवती तीस मुलं. माऊस मुलाच्या हातात, शेजारी त्याचा मित्र, त्यामागे आणखी दोन मुलगे, आणि त्यांच्या खांद्यावरून वाकून बघणाऱ्या मुली, हातात वही. पडद्यावर जे दिसतं ते त्या सुंदर अक्षरात उतरवून घेतात! सरांना विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगतात, ‘मुलींना आवड कमी असते.’ एका शाळेत एका बाईंनी साधा उपाय केला. फळ्यावर पाळ्या लावल्या, दहा मिनिटं मुलगी, दहा मिनिटं मुलगा, आणि मुलीच्या पाळीत मुलाने बोलायचंसुद्धा नाही. (पाळी हा शब्द इथे दुसऱ्या अर्थाने, पण मुलींना त्यातली गंमत कळलीच.) दोन महिन्यांत ‘आवड’ आली. खर्च शून्य.

‘असर’चं २०२३ चं सर्वेक्षण ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचं होतं. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन होता आणि त्यांना तो वापरताही येत होता. पण ज्यांना वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन किती जणांकडे? मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. निम्म्याहून कमी. फोनवर नेमकी कामं करून दाखवायला सांगितली तेव्हा मुली मागे पडल्या, आणि पडणारच. ज्या गोष्टीला हात लावायचा तर भावाची परवानगी लागते, ती हातात बसणार कशी?

आता मी आजच्या मुख्य मुद्द्यावर येते. यंत्र शाळेत असतं तेव्हा त्यावर मुलीचा निम्मा हक्क निदान मागता तरी येतो. तिथे बाई आहेत, फळा आहे, पाळी लावता येते, भांडता येतं. यंत्र घरात गेलं की ते घराच्या नियमाने चालतं. आणि घराचा नियम आपल्याला पाठ आहे, आधी बाप, मग भाऊ, मग उरलं तर ती. ताटातलं असो की फोनमधलं.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे उघड्यावर आलं. ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. शिक्षण फोनवर गेलं. ‘असर’च्या आकड्यांप्रमाणे ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये ६७.६ टक्के. म्हणजे लोकांनी कर्ज काढून, शेळी विकून फोन घेतले. पण ज्यांच्या घरी फोन होता त्यातल्याही सुमारे २६ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. हे आकडे मुलगे-मुली एकत्र धरून आहेत. त्यात मुली किती असतील ते इथे बसलेल्या प्रत्येकीने वस्तीत पाहिलंय. बाप कामाला गेला की फोन त्याच्याबरोबर जातो. रात्री परत आला की मुलाचा अभ्यास, त्याची दहावी आहे ना! मुलगी तेव्हा भाकरी थापत असते. बाईंनी दुपारी पाठवलेला गृहपाठ तिला रात्री दहाला दिसतो, आणि बॅटरी तीन टक्के. सांगोवांगीचं नाही हे, आम्ही वस्तीत बसून मुलींशी बोललोय.

आणि शाळेचा दरवाजा बंद झाला म्हणजे फक्त धडे बंद झाले असं नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीचं लग्न काढताना आईबाप थोडे थबकतात. घरी बसलेली मुलगी ही ‘बसलेली’ असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. हा आपल्या ‘पुरोगामी’ राज्याचा आकडा आहे. शाळेची इमारत, रोजचं जाणं-येणं, हजेरीचा पट, हे सगळं मुलीच्या अंगावरचं संरक्षण होतं. फोनच्या पडद्याने ते दिलं नाही.

केरळात राज्य सरकारने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणलं, आठवी ते बारावीचे ४५,००० वर्ग सुसज्ज केले, स्वतःची वाहिनी चालवली. त्या केरळात जून २०२० मध्ये दूरचित्रवाणीवरचे वर्ग सुरू झाले त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात एका दलित शाळकरी मुलीने जीव दिला. घरचा टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, आणि आपण मागे राहणार ही धास्ती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. त्यानंतर तिथे अंगणवाड्यांत, वाचनालयांत सामायिक टीव्ही बसवण्याची मोहीम वेगाने झाली. आपल्याकडेही शिक्षकांना तीच वाट सापडली. सोलापूरच्या नीलमनगरात, कामगारांच्या वस्तीत, घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. पालघर-नाशिककडच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपक लावून शाळा भरली. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, घरोघरी मुलं बघायची. या सगळ्यात सारखं काय आहे? भिंत, कर्णा, अंगणवाडीतला टीव्ही, या कुणा एकाच्या खिशात जाणाऱ्या गोष्टी नाहीत. धुणं धुता धुता मुलगी भिंतीवरचं व्याकरण वाचू शकते.

म्हणून ‘प्रत्येक मुलीला टॅब द्या’ ही मागणी ऐकली की मी जरा सावध होते. द्या, नको कुणी म्हणत नाही. पण तो टॅब घरी गेल्यावर महिनाभराने कुणाकडे असतो ते जाऊन बघा. त्याच पैशात शाळेतला वर्ग संध्याकाळी दोन तास उघडा ठेवा, एका बाईला त्याचं मानधन द्या, आणि मुलींना तिथे बसू द्या. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर नंतर बोलूच.

फोन मुलीच्या हातात नको, यामागे फक्त गरिबी नसते. जुलै २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात ठाकोर समाजाच्या पुढाऱ्यांनी १२ गावांतल्या अविवाहित मुलींना मोबाईलबंदी केली. मुलग्यांना नाही. आपल्याकडे ठराव होत नाहीत, पण ‘बिघडेल’ हा एक शब्द पुरतो. त्याच वर्षी केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० फोन जमा करायचा नियम होता. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितलं. हा निकाल प्रत्येक वसतिगृहाच्या अधीक्षिकेच्या टेबलावर असायला हवा. मुलींना त्रास देणारे मेसेज येतात, फोटोंचा गैरवापर होतो, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय म्हणून मुलीचाच फोन काढून घेणं म्हणजे रस्त्यात छेड काढली म्हणून तिचंच बाहेर जाणं बंद करणं. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

पडद्यावर काय दिसतं, हेही बघायला हवं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात चित्रं बदलली. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, पुरुष कपड्यांना इस्त्री करतोय. बातम्या झाल्या, काहींनी चेष्टा केली, पण मुलांनी ती चित्रं पाहिली. ही चित्रं छापील पुस्तकात आली, कारण वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांची चिकित्सा आपल्यासारख्या गटांनी केली. आता कंपन्यांच्या पेनड्राइव्हमध्ये आणि ॲपमध्ये जे तयार धडे येतात ते कोण तपासतं? मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याचशांत आई पदर खोचून डबा देते, शास्त्रज्ञ चष्मा लावलेला काका असतो, आणि प्रश्न विचारणारा चुणचुणीत पोरगा ‘रोहन’. नंदुरबारच्या पावरी बोलणाऱ्या किंवा मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या पोरीला तर ती शुद्ध, गुळगुळीत मराठी पाहुण्यांची भाषा वाटते. पुस्तकावर निदान समितीचं नाव छापलेलं असतं. पेनड्राइव्हवर कुणाचं नाव असतं?

बाजाराचं थोडक्यात सांगते. शाळा बंद असताना घरोघरी शिकवणीची ॲप विकली गेली, हप्त्यांवर. त्यातली सगळ्यात मोठी बायजूज ही कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हप्ते भरणाऱ्या घरात ते ॲप मुलासाठी घेतलं होतं की मुलीसाठी, हा प्रश्न मात्र कुठल्या बातमीत मी वाचला नाही.

आणि आता शिक्षिका. ई-लर्निंगने गुरुजींचा भार हलका होईल असं सांगितलं होतं. इथे बसलेल्या शिक्षिकांनी हात वर करावा, कुणाचा झाला? एकही नाही. माहिती भरायची पोर्टलं, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचे, स्वतःच्या फोनचा रिचार्ज, लोकवर्गणी गोळा करायला दारोदार. घरून शिकवायचं होतं तेव्हा एका हातात फोन, दुसऱ्या हातात कालथा, आणि मांडीवर स्वतःचं मूल. यातलं कुठलंच काम कामाच्या तासांत मोजलं गेलं नाही. घरकाम मोजत नाहीत तसंच. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या डिजिटल शाळाही तुम्ही पाहिल्या असतील. त्याचा जाबसुद्धा बाईंनाच विचारतात. देशभरातल्या शाळांपैकी २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के शाळांत संगणक होता आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट, असं सरकारचेच आकडे सांगतात. चालू किती आणि झाकणाखाली किती, हे त्यात कळत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि तो सगळ्यात तातडीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या. खूप विरोध झाला. मोठ्या शाळेत सोयी चांगल्या मिळतील, असं त्याचं समर्थन केलं गेलं. म्हणजे वस्तीतली शाळा जाईल आणि पाच-सात किलोमीटरवर संगणकाची खोली मिळेल. शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. ओढा ओलांडून, जंगलातून, सहा-सात वर्षांच्या पोरीला कोण पाठवणार? गाडी चार दिवस आली नाही की पहिली घरी बसते ती मुलगी. अशा वेळी ई-लर्निंग हा शब्द आपल्या पोरींची शाळा काढून घेण्यासाठी वापरला जातो. पडदा हवाय, पण वस्तीतल्या शाळेत.

आता काम. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. या बायका बहुतेक ठिकाणी सहीपुरत्या असतात, सही घरी आणून घेतली जाते. ज्या गावात आपला गट आहे तिथे पुढच्या बैठकीला त्यांच्याबरोबर जा आणि विचारा. संगणकाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे? ती आठवड्यात किती तास उघडते? झाडतं कोण? मुलीच्या हातात माऊस किती वेळ असतो, हे एक दिवस घड्याळ लावून मोजा. वीजबिल कोण भरतं? तयार धडे कुठून आले आणि ते कुणी पाहिले? प्रजननाचा धडा वर्गात झाला का?

मागच्या टेबलावर छापील तक्ता ठेवलाय, जाताना दोन-दोन प्रती घ्या. एक तुमच्यासाठी, एक समितीतल्या बाईसाठी. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत भरून पाठवा. आणि आता चहा येईपर्यंत वीस मिनिटं आहेत. मघाशी त्या खिडकीपाशी बसलेल्या ताई टॅबच्या मुद्द्यावर मान हलवत होत्या, त्यांच्यापासून सुरू करू या.